पाणी कुठे मुरतं

मी नळाचा माणूस. चाळीस वर्षं झाली, लोकांच्या घरात पाणी आणतो आणि वापरून झालं की बाहेर काढतो. नळ, टाक्या, मोऱ्या, चेंबर, यातलं मला कोणी शिकवू लागलं की माझं डोकं फिरतं. लोक मला मिस्त्री म्हणतात. माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. तर त्या शुक्रवारी सत्तरीच्या एका बाईने मला पाणी शिकवलं. मी देवळाच्या फरशीवर गुडघे टेकून बसलो होतो. भक्तीबिक्ती काही नाही, हातात करवत होती.

त्याआधी चौतीस वर्षं मी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पाऊल टाकलं नव्हतं.

कारण सांगून टाकतो, उगाच ताणत नाही. माझं पहिलं मूल, मुलगा, जन्मल्यावर तासाभरात गेलं. दिवस भरायला दीड महिना बाकी असतानाच बायको बाळंत झाली. मी तेव्हा बाहेरगावी मोठ्या पाइपलाइनच्या कामावर होतो. निरोप पोचून घरी आलो तो तिसऱ्या दिवशी. आईने तोवर मुलाला माझ्या आजीच्या कबरीत पुरून घेतलं होतं. वेगळा दगड नाही की खूण नाही. बायको तापाने फणफणलेली, मला ओळखतही नव्हती. मी आल्या पावली फादरांकडे गेलो. म्हातारे फादर, भला माणूस, पण तेही कुठल्याशा दफनविधीसाठी परगावी जाऊन त्याच सकाळी परतले होते. मी विचारलं, "माझ्या मुलाचा बाप्तिस्मा झाला होता का?" ते म्हणाले, "नाही रे बाबा. मी इथे नव्हतो, कोण देणार? आपण त्याला देवाच्या दयेवर सोडू." पुढेही त्यांनी बरंच सांगितलं असेल. मी 'सोडू' तेवढंच ऐकलं.

लहानपणापासून आम्ही ऐकत आलेलो असतो की ज्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं तो देवाच्या घरचा झाला. मग ज्याच्यावर पडलं नाही तो कोणाच्या घरचा? माझा मुलगा पाण्यावाचून गेला, आणि बाप काय करतो, तर गावभर पाणी पोचवतो. मी घरी येऊन सांगितलं, या पोराचा विषय या घरात पुन्हा निघता कामा नये. त्यानंतर फादर दोनदा घरी आले. दोन्ही वेळा मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. पुढे मुलगी झाली, तिचा बाप्तिस्मा बायकोने आणि माझ्या आईने उरकला, मी देवळाच्या फाटकाबाहेर विड्या ओढत उभा होतो. तिच्या लग्नातही मी फाटकाबाहेरच. जेवायला मात्र सगळ्यांच्या आधी हजर होतो, ते खोटं कशाला बोलू.

आता त्याच मुलीला मुलगी झाली. गुरुवारी तिचा फोन आला.

"बाबा, रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आणि देवळातलं कुंड तुंबलंय. फादर म्हणतात, टेबलावर परात ठेवून करू."

"मग करा परातीत. पाणी ते पाणी."

"माझा त्या कुंडात झाला. हिचाही तिथेच व्हायला हवा. तुम्ही नुसते दुरुस्तीला या. देवाशी बोला असं कोणी म्हणत नाहीये, पाइपाशी बोला."

जिभेला धार माझीच आहे तिच्या. मी नुसता हुंकार दिला. फोन ठेवायच्या आधी ती जरा थांबली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आणि बाबा, या वेळेला आत उभे राहा. माझ्या वेळी राहिला नाहीत. हिच्याही वेळी फाटकाबाहेर राहिलात तर मी पुन्हा कधी विचारणार नाही."

ती बोलते तसं करते. तो गुणही माझाच.

शुक्रवारी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन मी गेलो. दार उघडून द्यायला चावीवाली मावशी होती. देवळाच्या साऱ्या चाव्या तिच्या कमरेला असतात म्हणून सगळे तिला तसंच म्हणतात. झाडलोट, मेणबत्त्या, फुलदाण्या, सगळं तीच बघते. तिने मला कुंड दाखवलं आणि शेजारच्या बाकावर बसून पितळी मेणबत्तीदाण्या घासू लागली.

कुंड दगडी, कमरेइतकं उंच, आठ कोनांचं. वर लाकडी झाकण. आत मधोमध दगडाचीच आडवी भिंत घालून दोन कप्पे केलेले. एकात पाणी भरून ठेवतात आणि दुसऱ्यावर बाळाचं डोकं धरतात, म्हणजे डोक्यावरून ओघळलेलं पाणी त्या दुसऱ्यात पडतं. भोक फक्त त्या दुसऱ्याच्या तळाला. तिथे हिरवट पाणी तुंबून उभं होतं. कारागीर मात्र कसबी असला पाहिजे. दगडाला उतार असा दिला होता की कुठल्याही कोपऱ्यात टाकलेला थेंब भोकाकडेच यावा. मी बोट फिरवून पाहिलं. आजकाल लोक मोरीलासुद्धा उतार देत नाहीत.

पाणी उपसलं आणि तुंबा काढायची स्प्रिंग आत घातली. दोन हात गेली आणि अडली. पिळून बाहेर काढली तर टोकाला केसांसारखी मुळं. कुठल्यातरी झाडाने वास काढत काढत पाइप गाठला होता. मग कुंडाच्या पायाशी दोन फरश्या उचकटल्या आणि खाली उकरलं. जुना खापरी पाइप, चार इंची. तो सरळ खाली जात होता. मी अजून उकरलं. तो अजून खालीच. वळण नाही, वास अडवणारा ट्रॅप नाही, पुढे चेंबर नाही. पाऊण मीटरवर पाइप संपला आणि हाताला नुसते गोटे लागले.

असला वेडेपणा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. एवढा हुशार कारागीर, दगडाला सोन्यासारखा उतार दिलेला, आणि पाइप कुठेच जोडलेला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण उगाच बोलताना म्हणतो. इथे खरोखरच मुरत होतं. मी मनातल्या मनात हसलो. शंभर वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हटलं, आता मी करतो सरळ. पलीकडच्या खोलीत, जिथे फादर झगे घालतात, तिथे हात धुवायचं बेसिन होतं आणि त्याची लाइन बाहेरच्या गटाराला गेलेली होती. तीन मीटर पीव्हीसी, दोन एल्बो, एक टी. अर्ध्या दिवसाचं काम. मी पाइप मोजला आणि करवत लावली.

"मिस्त्री, काय चाललंय?"

"तुमचं पाणी गटाराला जोडतोय."

घासण्याचा आवाज थांबला. मावशी उठून आली आणि तिने माझ्या करवतीवर चक्क पाय ठेवला. चप्पल पायात नव्हती, नुसता पाय. हातातल्या करवतीवर म्हातारीचा पाय म्हटल्यावर माझा हात जागच्या जागी थिजला.

"ते पाणी गटारात जात नाही," ती म्हणाली.

"तेच सांगतोय मावशी. जात नाही. म्हणून तर जोडतोय."

"जायचंच नाही त्याने. ते मातीत जातं. मुद्दाम केलंय तसं."

"कोणी केलंय?"

"ज्यांना अक्कल होती त्यांनी."

ती खाली बसली, आणि पोराला समजावून सांगावं तसं मला सांगू लागली. माणूस ज्या पाण्याने देवाचा होतो त्यावरून लोकांचं सांडपाणी वाहू द्यायचं नाही. ते कोणाच्या पायाखाली यायचं नाही, कोणाच्या खरकट्यात मिसळायचं नाही. जुन्या लोकांनी म्हणून कुंडाखाली शोषखड्डा केला, आणि तो देवळाच्या आत केला, छपराखाली. इथे ज्यांचा ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्या सगळ्यांचं पाणी या चार फुटांत मुरलंय.

"तुमचंही असेल," ती म्हणाली.

होतं. मी खड्ड्यात पाहिलं. काळी ओलसर माती होती आणि वास फक्त मातीचा. चाळीस वर्षं मी बंद पाइप उघडतोय, नाकाला रुमाल बांधल्याशिवाय एकही उघडलेला नाही. इथे नाक उघडं होतं आणि मला ते आत्ता कळत होतं. साठ वर्षांपूर्वी माझ्या डोक्यावरून ओघळलेलं पाणी इथे खाली गेलं होतं, आणि मी त्याच्यावर पीव्हीसी टाकायला निघालो होतो.

माझा चेहरा उतरलेला पाहून तिला दया आली असावी. ती हसत म्हणाली, "तुमचं काय घेऊन बसलात. एक सुईण होती, आपल्या धर्माचीही नव्हती. तिला हे ठाऊक होतं. एकदा भर दुपारी आली, झाकणाचा डबा दोन्ही हातांत धरून, रस्ताभर चालत. मी तेव्हा इथे नवीन, महिनाही झाला नव्हता. म्हणाली, दार उघड, बाळाचं पाणी आहे. मला वाटलं हिचं डोकं फिरलंय. फादर परगावी. मी दार उघडलं. तिने डबा या कप्प्यात ओतला, थेंब न थेंब. मग डब्यात थोडं साधं पाणी घातलं, खळखळून तेही ओतलं. तुमच्यासारखंच गुडघ्यावर बसून, पाणी खाली गेल्याचा आवाज ऐकला आणि मग उठली."

"कसलं पाणी?"

"अहो, बाप्तिस्म्याचं. मूल जगणार नव्हतं. तिने स्वतःच दिला बाप्तिस्मा."

"सुईणीने? तेही दुसऱ्या धर्माच्या?"

"वेळ आली तर कोणीही देऊ शकतं. पाणी ओतायचं, शब्द म्हणायचे आणि मनात खोट नको, एवढंच. तिने आपल्या किती घरांत बाळंतपणं केली होती, बाप्तिस्मेही पाहिले होते, शब्द तोंडपाठ. पण गंमत ऐका." मावशी पदराने तोंड झाकून हसली. "फादर म्हणतात, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. तिने ऐकलं तसं म्हटलं. देतो म्हणाली. बाई असून. नंतर घरी गेल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. देते म्हणायचं होतं, देतो म्हणाले, आता तो लागला की नाही? आठ दिवस कोणाला सांगितलं नाही. मलाही गळ घातली, मावशी गप्प राहा, फादरांना काय तोंड दाखवू. मूल तर गेलं होतं, पुन्हा द्यायची सोय नव्हती. आठव्या दिवशी आली आणि इथेच, या बाकावर बसून फादरांसमोर ढसाढसा रडली."

"फादर काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, देव व्याकरण तपासत नाही."

मी हसलो नाही. मी विचारलं, "कोणाचं मूल होतं?"

"ते तिने मला कधी सांगितलं नाही. सुईणींचं तोंड घट्ट असतं. आता तीही गेली. एवढंच म्हणाली होती की बाप घरी नाही, कुठेतरी मोठ्या पाइपलाइनच्या कामावर आहे."

हातातली करवत मी खाली ठेवली. ठेवली म्हणजे ठेवता आली तेव्हा ठेवली.

हल्लीचे फादर तरुण आहेत, मला काका म्हणतात. मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा ते नाश्ता करत होते. मातीने भरलेल्या हातांनी मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, जुनी बाप्तिस्म्याची वही बघायची आहे. तारीख विचारली तेव्हा मी दिवस, महिना, साल सगळं एका दमात सांगितलं. ती तारीख मी चौतीस वर्षांत तोंडाने उच्चारली नव्हती. तरी ती जिभेवरच होती.

फादरांनी कपाटातून जाड वही काढली. लांब रकाने, निळी शाई, म्हाताऱ्या फादरांचं तिरकं अक्षर. त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. "काका, ही नोंद आठ दिवसांनी केलेली दिसतेय. पण..." ते माझ्याकडे बघू लागले. "यात तर तुमचंच नाव आहे."

मी वाकून वाचलं. बाळाच्या नावाच्या रकान्यात माझं नाव. मला वाटलं, म्हातारपणी फादरांनी रकाने चुकवले. मग पुढे पाहिलं. बापाच्या रकान्यात पुन्हा माझंच नाव, आईच्या रकान्यात बायकोचं. देणाऱ्याच्या रकान्यात 'सुईण' आणि तिचं नाव. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'जिवाला धोका असल्याने घरी. सुईण देते ऐवजी देतो म्हणाली. संस्कार पूर्ण.' आणि त्याखाली मागाहून, वेगळ्या शाईत: 'बापाला सांगण्यास दोनदा गेलो. भेट झाली नाही.'

भेट झाली नाही. असं लिहिलं होतं त्या भल्या माणसाने. दार तोंडावर आपटलं असं लिहायला जागा होती रकान्यात.

मी तिथल्या खुर्चीवर बसलो. तरुण फादरांनी मला पाण्याचा पेला दिला आणि काही विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण. मीच विचारलं, "हा लागला म्हणजे नक्की लागला ना? मागाहून काही होत नाही ना त्याला?"

"लागला की लागला काका. आत्म्यावर खूण उमटते, ती पुसत नाही. माणसाने देवाला सोडलं तरी पुसत नाही. म्हणून तो दुसऱ्यांदा देतासुद्धा येत नाही."

आमच्या धंद्यात असं काही नाही. सिमेंट सोडतं, शिसं सोडतं, रबर तर सोडतंच. मी लावलेला एकही जोड असा नाही की मी छातीवर हात ठेवून म्हणेन, हा कधी सुटणार नाही. आणि इकडे एका घाबरलेल्या बाईने, जिचा हा धर्मही नव्हता, वाटीभर पाणी आणि चुकीचं क्रियापद वापरून असा जोड लावला होता की तो ज्याचा होता तो मेला तरी सुटला नाही. मला भीती वाटली, खरं सांगतो. एवढी मोठी गोष्ट एवढ्या सोप्या हातांत दिलेली पाहून भीतीच वाटते. कोणी ठरवलं असेल की हे दार इतकं सताड उघडं ठेवायचं, कोणीही यावं आणि दुसऱ्याला आत सोडावं? आणि मी चौतीस वर्षं त्या दाराबाहेर विड्या ओढत होतो, आतमध्ये मुलगा असताना.

दुपारी घरी गेलो. बायको बाळाच्या पांढऱ्या झग्याला इस्त्री करत होती. तोच झगा, मुलीचा, कडा पिवळट झालेल्या. मी हात न धुताच समोर बसलो.

"अहो, हात," ती म्हणाली.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि इस्त्री उभी करून ठेवली. काय सांगितलं नाही, असं तिने विचारलं नाही.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"वहीत वाचलं."

ती बराच वेळ झग्याची फीत सरळ करत राहिली. "सासूबाई डॉक्टरला आणायला गेल्या होत्या," ती म्हणाली. "सुईण आणि मी, दोघीच होतो. तिने वाटीत पाणी घेतलं आणि म्हणाली, नाव सांग, लवकर, वेळ नाही. मला दुसरं नाव सुचलंच नाही हो. तुम्ही नव्हता ना तिथे. तर नाव तरी असू दे म्हटलं."

मी नखांतली माती खरवडत राहिलो.

"नंतर तिने सांगितलं, फादरांना विचारेपर्यंत कोणाकडे बोलू नकोस. मग मला ताप. ताप उतरला तोवर तुम्ही विषय बंद करून टाकला होता. फादर दोनदा आले, मी आत पडून होते, मला वाटलं त्यांनी तुम्हाला सांगितलं. मुलीच्या वेळी मी एकदा तोंड उघडलं तर तुम्ही ताटावरून उठलात आणि दोन दिवस फिरकला नाहीत. मग मी त्यावर पाणी सोडलं."

"माझं मूल बाप्तिस्म्यावाचून गेलं असं धरून बसलो होतो मी."

ती चकित होऊन बघत राहिली. "म्हणून? मला वाटलं तुमचा राग मूल गेल्याचा आहे. पाण्याचा आहे हे मला कधी सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी फक्त दारं लावत आलो होतो, आणि माणसं आपापल्या बाजूला उभी राहिली होती.

"त्या पोराचं नाव या घरात काढायचं नाही, म्हणाला होतात," ती म्हणाली. "मी नाही काढलं. पण सासूबाई होत्या तोवर दिवसातून दहा वेळा तुम्हाला हाका मारायच्या. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. मला एका हाकेत दोघं ऐकू यायचे."

मग तिने इस्त्री उचलली. मी उठून हात धुतले. बेसिनमधलं पाणी मातीने काळं होऊन फिरत फिरत गटाराकडे गेलं आणि मी ते संपेपर्यंत बघत राहिलो.

शनिवारी मी एकटाच खड्ड्यात उतरलो. मुळं कापून काढली, तीही मावशीने देवळामागच्या मातीत पुरली, फेकू दिली नाहीत. गोटे एकेक करून वर घेतले, ब्रशने घासले, ओळीत मांडले. मोठे खाली, मध्यम वर, मग खडी, मग जाड वाळू, असा थर पुन्हा लावला. तळाची माती मी हलवली नाही. नुसता तळहात ठेवला तिच्यावर. गार होती. किती जणांच्या डोक्यावरून आलेलं पाणी प्यायली होती ती, म्हाताऱ्यांचं, मेलेल्यांचं, माझं, मुलीचं. आणि एका दुपारी कोणीतरी डब्यातून रस्ताभर जपत आणलेलं वाटीभर. कोणतं कुठलं, हे सांगायची आता सोय नव्हती. मी मोठ्याने रडलो. रिकाम्या देवळात आवाज जरा जास्तच घुमला, पण मावशीने पितळ घासणं थांबवलं नाही आणि मीही थांबलो नाही.

नवा पाइप मी खापरीच घातला. फरश्या बसवल्या, सांधे भरले. मग कुंडात बादलीभर पाणी ओतून कान लावून बसलो. घटाघटा गेलं, आणि मग काही नाही. गटाराच्या पाण्याला शेवटी एक उचकी असते. याला नव्हती.

रविवारी मी आत होतो. मुलीने मला दाराच्या आत पाऊल टाकताना पाहिलं आणि पटकन दुसरीकडे बघू लागली, तिचं नाक लाल झालं होतं. फादरांनी विचारलं, या बाळासाठी तुम्ही देवाकडे काय मागता, आणि ती म्हणाली, बाप्तिस्मा. आवाज स्पष्ट, जणू दुकानात नेमकी वस्तू मागतेय. मग कपाळावर क्रूस, छातीला तेल. नात दोन महिन्यांची, सगळ्यांकडे संशयाने बघत होती. धर्ममातेने तिचं डोकं दुसऱ्या कप्प्यावर धरलं. फादरांनी शिंपल्याने पाणी घेतलं.

मी तुला पित्याच्या, म्हणाले, आणि पाणी पडलं. पुत्राच्या, पुन्हा पडलं. आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, तिसऱ्यांदा. बाप्तिस्मा देतो.

तो 'देतो' माझ्या छातीत जाऊन बसला. माझ्या घरातल्या पलंगापाशी, घाईघाईत एका बाईने हाच शब्द म्हटला होता, आणि तो तिथेही एवढाच मोठा होता. फुलं नव्हती, मेणबत्ती नव्हती, धर्मपिता नव्हता, बापसुद्धा नव्हता. काही कमी पडलं नव्हतं. माझे गुडघे आपोआप टेकले. हत्यारं बरोबर नव्हती.

नात किंचाळली, मग पांढऱ्या झग्यात गुंडाळल्यावर शांत झाली. सगळे तिला घेऊन फोटोसाठी बाहेर पायऱ्यांवर गेले. मी कुंडापाशीच राहिलो, कामाची खात्री करायला, असं मी मुलीला सांगितलं. बायकोही राहिली. कप्प्यात थोडं पाणी अजून होतं, तेलाचा बारीक तवंग आलेलं. ते कडेने सरकत, कारागिराने दिलेल्या उतारावरून भोकाकडे चाललं होतं.

"जातंय का?" बायकोने विचारलं.

"जातंय."

"मुरेल ना?"

"मुरेल."

ती कुंडाच्या काठाला धरून वाकली. लग्नाला सदतीस वर्षं झाली, तिने मला कधी नावाने हाक मारलेली नाही. आमचा सगळा संसार 'अहो'वर चालला. त्या दिवशी तिने नाव घेतलं, अगदी हळू, झोपलेल्या मुलाला उठवताना घेतात तसं. इतकं सरळ आणि लाडाने की मी ओ द्यायला तोंड उघडलं.

मग ते मिटलं. तिने मला बोलावलं नव्हतं.